आधी भूलतज्ज्ञ, मग तारीख: सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वी भुलेची भीती वाटते त्यांच्यासाठी

इंदूरमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना एक चूक मी सतत पाहते. लोक कामाचा क्रम उलटा लावतात. आधी फोटो बघतात, मग सर्जन ठरतो, मग पॅकेज, मग अ‍ॅडव्हान्स, मग घरातल्या लग्नाच्या दोन महिने आधीची तारीख, मग ऑफिसात रजा. भूल देणाऱ्या डॉक्टरची गाठ पडते ती थेट त्या सकाळी, गाऊन घालून स्ट्रेचरवर बसल्यावर. तेव्हा हात धरून विचारतात, "मॅडम, मी परत उठेन ना?" त्या वेळी मी धीर देऊ शकते. तपासणी, औषधांतले बदल, जागेची निवड, यांतलं काहीच माझ्या हातात उरलेलं नसतं.

पोट घट्ट करणं, लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं), नाक, स्तन, केसांचं रोपण, यांतलं काहीही उद्याच व्हायला हवं असं नसतं. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाला मी "पंधरा दिवसांनी या" म्हणू शकत नाही, तुम्हाला म्हणू शकते. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येणं ही तुमच्या हातातली सगळ्यांत मोठी सुरक्षा आहे, आणि अ‍ॅडव्हान्स भरून तारखेला स्वतःला बांधून घेतलं की तीच आधी जाते. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा.

## १. भीती कागदावर उतरवा (तारीख ठरवण्याआधी)

"मला भुलेची भीती वाटते" एवढ्याने डॉक्टरच्या हाती काही लागत नाही. नेमकी कशाची भीती, ते लिहा. माझ्याकडे येणाऱ्यांची भीती बहुधा पुढच्या चारांतली एक असते.

उठलोच नाही तर? ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज रुग्णांना सांगतं की पूर्ण भुलेमुळेच मृत्यू होण्याचं प्रमाण साधारण १ लाखात १ आहे. हा आकडा दिलासा देणारा आहे, पण तो नीट वाचा. प्रशिक्षित भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर, सगळी यंत्रं जोडलेली, आधी तपासणी झालेली, अशा व्यवस्थेतला तो आकडा आहे. यांतलं काही नसलेल्या खोलीला तो लागू होत नाही. तेव्हा कागदावर प्रश्न असा लिहा: "माझ्या वेळी यांतलं काय काय असेल?"

मध्येच जाग आली तर? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यावर मोठी पाहणी झाली आणि २०१४ साली प्रसिद्ध झाली. पूर्ण भुलेच्या साधारण १९,००० रुग्णांमागे एकाने जाग आल्याचं सांगितल्याचं तिच्यात दिसलं. स्नायू सैल करणारं औषध दिलेल्या रुग्णांत हे प्रमाण जास्त होतं. "मला सगळं ऐकू येत होतं" असं सांगणाऱ्या कितीतरी जणांना प्रत्यक्षात पूर्ण भूल दिलेलीच नसते. गुंगीचं औषध किंवा पाठीतलं इंजेक्शन दिलेलं असतं, आणि त्यात आवाज ऐकू येणं अपेक्षितच असतं. हे आधी कुणी सांगितलं नाही की माणूस आयुष्यभर घाबरलेला राहतो. तेव्हा दुसरा प्रश्न: "मला नेमकी कोणती भूल देणार, आणि तिच्यात मला काय जाणवेल?"

उलट्या झाल्या तर? ही भीती सगळ्यांत खरी ठरण्यासारखी आहे आणि सगळ्यांत टाळण्याजोगीही. चार गोष्टी मोजा: स्त्री असणं, धूम्रपान न करणं, प्रवासात मळमळण्याची किंवा आधीच्या भुलेनंतर उलट्या झाल्याची सवय, आणि नंतर अफूवर्गीय (मॉर्फिन, ट्रमाडॉलसारखं) वेदनाशामक लागणं. चारांपैकी एकही नसेल तर शक्यता साधारण १०%, चारही असतील तर साधारण ८०%. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात तुमची गाडी थांबवावी लागत असेल तर ते भूलतज्ज्ञाला जरूर सांगा. भुलेची पद्धत आणि उलटी रोखणारी औषधं त्यावर ठरतात.

भुलेत काहीबाही बोललो तर? संकोचाने विचारला जाणारा हा प्रश्न मी कितीदा ऐकलाय. पूर्ण भुलेत कुणी बोलत नाही. गुंगीत किंवा उठताना दोन-चार असंबद्ध वाक्यं निघू शकतात, ती त्या खोलीबाहेर जात नाहीत.

*तपासा: तुमच्या कागदावर प्रत्येक भीतीपुढे एक प्रश्न आहे का? प्रश्न नसेल तर ती भीती अजून मोघम आहे. पुन्हा लिहा.*

## २. जागा आणि माणसं तपासा (अ‍ॅडव्हान्स देण्याआधी)

क्लिनिकमध्ये फोन करून पहिला प्रश्न विचारा: भूलतज्ज्ञ कोण आहेत? पलासिया ते विजयनगर अनेक ठिकाणी उत्तर येतं, "बेहोशी के डॉक्टर को हम बुला लेंगे, आप टेन्शन मत लीजिए." बाहेरून भूलतज्ज्ञ बोलावणं यात गैर काही नाही, मी स्वतः अशीच जाते. पण नाव आधी कळलं पाहिजे, पदवी कळली पाहिजे (एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.ए.), आणि शस्त्रक्रियेआधी भेट मिळाली पाहिजे. या तिन्हींपैकी एकही नाकारलं तर पुढचे प्रश्न विचारू नका, दुसरीकडे जा.

भेट मिळत असेल तर पुढे विचारा:

- भूलतज्ज्ञ शेवटच्या टाक्यापर्यंत आणि मी शुद्धीवर येईपर्यंत थांबणार का? एकच डॉक्टर शस्त्रक्रिया करतोय आणि तोच गुंगीही देतोय, ही व्यवस्था स्वीकारू नका.
- ईसीजी, रक्तदाब, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ, हे सगळं आहे का? श्वास थांबला तर कॅप्नोग्राफ लगेच दाखवतो. ऑक्सिमीटरचा आकडा उशिरा पडतो, विशेषतः ऑक्सिजन चालू असेल तर.
- हृदय थांबल्यास झटका देणारं यंत्र कुठे ठेवलंय? मला अतिदक्षता विभाग लागला तर कोणत्या रुग्णालयात नेणार, आणि तिथलं बिल कुणाचं?

बिलाचा प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच. सौंदर्यशस्त्रक्रिया आरोग्य विम्यात साधारणपणे बसत नाही, आणि त्यातून उद्भवलेला खर्चही नाकारला जाऊ शकतो. तारीख पुढे गेली तर अ‍ॅडव्हान्स परत मिळेल का, तेही लेखी घ्या. पैसे अडकलेले असले की ताप असतानाही माणूस टेबलावर येतो.

मध्य प्रदेशात खाजगी नर्सिंग होमला १९७३ च्या राज्य कायद्याखाली नोंदणी लागते. ती सीएमएचओ, म्हणजे मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून होते. ते प्रमाणपत्र पाहायला मागा.

### "फक्त सुन्न करून करू" याचा अर्थ

भुलेला घाबरणारे इथे हमखास फसतात. "पूर्ण भूल नको, लोकलमध्येच करा" म्हणाले की त्यांना वाटतं धोका संपला. छोट्या कामाला ते बरोबर आहे. मोठ्या लायपोसक्शनला किंवा तासन्‌तास चालणाऱ्या केसरोपणाला नाही.

सुन्न करणारं लिग्नोकेन हेसुद्धा मोजून द्यायचं औषध आहे. साध्या पद्धतीत, अ‍ॅड्रिनालिनसोबत, त्याची नेहमीची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम. लायपोसक्शनमध्ये ते खूप पातळ करून चरबीत सोडतात, म्हणून तिथे ३५ आणि कधी त्याहूनही जास्त स्वीकारलं जातं. पण ते चरबीतून हळूहळू रक्तात उतरतं आणि रक्तातलं प्रमाण कित्येक तासांनी शिखरावर पोचतं, म्हणजे तुम्ही घरी पोचल्यावर. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, गरगरणं, मग झटके, हा विषबाधेचा क्रम. तिच्यावर २०% लिपिड इमल्शन (चरबीचं दुधाळ द्रावण) शिरेतून देतात. ते तिथे ठेवलेलं आहे का, हा एकच प्रश्न विचारून जागेबद्दल पुष्कळ कळतं.

५ लिटर किंवा त्याहून जास्त काढायचं असेल तर ते मोठं लायपोसक्शन समजतात. तेव्हा रात्रभर देखरेखीखाली राहण्याची सोय हवी. आणि "एकाच भुलेत पोट, मांड्या, स्तन सगळं उरकून टाकू" हा हिशेब पैशात परवडतो, पण टेबलावरचे तास वाढले की रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही वाढतो. दोन वेळा विभागून करायचं का, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना विचारा.

*सावध: केसरोपण कुणी करावं यावर राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. यूट्यूबवर किंवा ऑनलाइन कार्यशाळेत पाहून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. "टेक्निशियन करतो, डॉक्टर असतात बाजूला" हे उत्तर मिळालं तर उठा.*

## ३. भूलपूर्व तपासणी (तारखेच्या १० ते १४ दिवस आधी)

दवाखान्यात हिला "पीएसी" किंवा "फिटनेस" म्हणतात. फिटनेस या शब्दाने घोळ होतो. लोकांना वाटतं ईसीजी नॉर्मल आला, शिक्का मिळाला, संपलं. ईसीजी आणि रक्ताच्या रिपोर्टपेक्षा तुम्ही काय सांगता यातून मला जास्त कळतं.

सोबत न्यायच्या वस्तू: घरातल्या तुमच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत, जुनी डिस्चार्ज कार्डं, पहिल्या टप्प्यातला प्रश्नांचा कागद. आणि आत जाताना दोन मिनिटं एकटीने (किंवा एकट्याने) बोलायचंय असं सांगा. सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेला असताना सिगारेट, गर्भनिरोधक गोळ्या, झोपेची गोळी, यांबद्दल खरं उत्तर येत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं.

आता काय काय सांगायचं.

वजन कमी करण्याची इंजेक्शनं. इथे माझीच चूक सांगते. आमच्या छापील फॉर्ममध्ये रकाना होता: "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" एका बाईंनी लिहिलं, "नाही." त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्या आठवड्यातून एकदा इंजेक्शन घेत होत्या, आणि मी इंजेक्शनबद्दल विचारलंच नव्हतं. टेबलावर नेण्याआधी बोलता बोलता त्या म्हणाल्या, "हल्ली दोन घास खाल्ले तरी पोट भरतं." पोटाची सोनोग्राफी केली, तर रात्रभर उपाशी असूनही पोटात अन्न होतं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड या औषधांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे नेहमीच्या तासांचा हिशेब पुरत नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये साप्ताहिक डोस एक आठवडा आधी थांबवण्याचा सल्ला दिला होता. आता रुग्ण पाहून ठरवतात: डोस नुकताच वाढवला आहे का, मळमळ आहे का, मधुमेहासाठी घेता की वजनासाठी. कुणाला चालू ठेवून आदल्या दिवशी फक्त पातळ आहार देतात. निर्णय डॉक्टरांचा, सांगण्याचं काम तुमचं.

मधुमेहाच्या गोळ्या. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असणाऱ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, साधारण ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात. त्या चालू राहिल्या तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं, आणि साखर ठीक दिसते म्हणून ते लक्षातही येत नाही. स्वतः बंद करू नका. बदली औषध काय, ते विचारून घ्या.

गुटखा, सुपारी, तंबाखू. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर हे तपासणीत सर्वांत आधी सांगा. वर्षानुवर्षांच्या सुपारीने गालांची आतली बाजू ताठ होते आणि श्वासनळीत नळी घालणं अवघड होतं. आधी कळलं तर आम्ही लवचीक दुर्बिणीची तयारी ठेवतो. भूल दिल्यावर कळलं तर ती माझ्या कामातली सगळ्यांत वाईट मिनिटं असतात.

घोरणं. घोरण्याचा आवाज बंद दाराबाहेर येतो का, झोपेत श्वास अडकलेला कुणी पाहिलाय का, दिवसा पेंग येते का, रक्तदाब आहे का? त्यात वय ५० च्या वर, मान ४० सेंटिमीटरहून जाड, बीएमआय ३५ च्या वर आणि पुरुष असणं, हे धरा. तीन किंवा जास्त उत्तरं "हो" असतील तर झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराची शक्यता तपासावी लागते. अशा माणसाला गुंगी देऊन त्याच संध्याकाळी घरी पाठवणं धोक्याचं असतं.

रक्ताच्या नात्यातला इतिहास. आईवडील, भावंडं, मामा, आत्या, कुणाला भुलेत अचानक प्रचंड ताप आला, किंवा शस्त्रक्रिया संपूनही तासन्‌तास श्वास परत आला नाही, असं झालंय का? काही औषधं सहन न होणं वारशाने येतं. घरात "काकांना भूल लागली होती" एवढीच आठवण असते. जरा खोदून विचारा.

बाकीचं भरभर: अ‍ॅस्पिरिन आणि रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या (काहींनी गुठळ्यांचा धोका वाढतो), दमा, थायरॉइड, हलणारा दात किंवा कॅप, पाळीची तारीख. अश्वगंधा, लसणाच्या कॅप्सूल, जिन्सेंग, जिन्को हे "आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय" म्हणून गाळू नका. अशी पूरकं साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. दारू किती, ते खरं सांगा. भांगही सांगा, शिवरात्रीला एकदाच घेतली असली तरी कधी ते सांगा. नियमित घेणाऱ्याला भुलेचं औषध जास्त लागू शकतं. मी पोलीस नाही, मला फक्त डोस ठरवायचा असतो.

आणि शेवटी भीतीचा कागद बाहेर काढा. सरळ म्हणा: "मॅडम, मला खूप भीती वाटते. आदल्या रात्री झोप लागेल असं काही देता येईल का? त्या सकाळी सलाईन लावल्यावर मन शांत करणारं औषध आधी देता येईल का?" दोन्ही बहुतेक वेळा देता येतं. मागितल्याशिवाय समोरच्याला कळत नाही, कारण घाबरलेली माणसं अनेकदा सगळ्यांत शांत बसलेली असतात.

*सावध: चिंता किंवा नैराश्याची रोजची गोळी "भुलेशी नको भिडायला" म्हणून स्वतःहून बंद करू नका. शेजारणीकडची झोपेची गोळीही घेऊ नका.*

*तपासा: संमतीपत्र आजच मागून घरी न्या. ते हिंदीत किंवा इंग्रजीत असेल, "निश्चेतना" म्हणजे भूल. शस्त्रक्रियेचं आणि भुलेचं संमतीपत्र वेगवेगळं असावं. त्या सकाळी सही करताना कुणी वाचत नाही.*

आता तारीख ठरवा, या तपासणीनंतर निदान १० ते १४ दिवसांनंतरची.

## ४. मधले दिवस

सिगारेट चार आठवडे आधी सोडली तर सर्वांत बरं, फुप्फुसांसाठी आणि कातडी जुळण्यासाठीही. पोट घट्ट करण्यात ओढून शिवलेल्या कातडीला रक्त कमी पडलं तर ती काळी पडते, म्हणून सर्जन यावर अडून बसतात. चार आठवडे जमलं नाही तरी शेवटचा एक दिवस सोडण्यानेही रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. "आता उशीर झाला" म्हणून ओढत राहू नका.

सर्दी, खोकला, ताप आला तर त्याच दिवशी फोन करा. त्या सकाळी वाफ घेऊन, गोळी खाऊन, आवाज लपवून येऊ नका.

गुप्ततेबद्दल थोडं सविस्तर. इंदूरचा मराठी समाज एकमेकांना ओळखणारा आहे. रामबागेत कुणी चार दिवस दिसलं नाही तर तिलकनगरात कळतं. म्हणून अनेकजणी सांगतात "पुण्याला लग्नाला चाललेय" आणि एकट्याच दवाखान्यात दाखल होतात. आत्याबाईंना सांगायलाच हवं असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण एका प्रौढ, जबाबदार माणसाला सगळं माहीत हवं: कोणतं क्लिनिक, कोणती शस्त्रक्रिया, कोणती औषधं, रक्तगट. तो माणूस त्या दिवशी बाहेर बसलेला हवा आणि पहिली रात्र तुमच्याजवळ झोपायला हवा. असा माणूस मिळेपर्यंत तारीख पुढे ढकला. सोबत कुणी नाही म्हणून मी शस्त्रक्रिया थांबवलेली आहे, आणि पुन्हा थांबवेन.

आदल्या संध्याकाळी नेलपॉलिश, जेलची नखं काढा. ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश सोडून मोजतो, त्यामुळे बोटांच्या टोकांना गडद मेंदीही त्या आठवड्यात नको. दागिने घरी ठेवा.

## ५. "उपाशी" म्हणजे नेमकं काय

आमच्या भाषेतला "उपास" इथे घात करतो. फोनवर सांगितलेलं असतं, "उपाशीपोटी या." चतुर्थी असते. माणूस सकाळी सहाला साबुदाण्याची खिचडी आणि ग्लासभर दूध घेऊन येतो आणि मनापासून सांगतो, "हो मॅडम, उपासच आहे." भुलेत घशाचं राखण करणारी हालचाल थांबते, त्यामुळे पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. खिचडी उपासाची आहे की लग्नाची, हे फुप्फुसाला कळत नाही.

भूल सुरू होण्याच्या वेळेपासून उलटे तास मोजा:

- ८ तास: तळलेलं, तुपकट, मांसाहारी, भरपेट जेवण. पोहे-जिलबी-शेव, साबुदाणा खिचडी, कचोरी सगळं यात.
- ६ तास: कोरडा टोस्ट किंवा तसला हलका नाश्ता, कोणतंही दूध, दुधाचा चहा, दही, ताक.
- २ तास: पाणी, बिनदुधाचा चहा किंवा कॉफी, गर नसलेला गाळलेला रस. पलीकडचं दिसतं एवढं नितळ.

आता इथले खड्डे. रात्री बाराला सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (कंदाचे तळलेले तुकडे) खाल्ला आणि सकाळी साडेसातला भूल असेल तर साडेसातच तास झाले, गराडू तळलेला असतो, म्हणजे वेळ पुरी झालेली नाही. बाहेरगावच्या डॉक्टरने फोनवर "शिकंजी घेतली तरी चालेल" म्हटलं तर त्याच्या मनात लिंबूपाणी असतं. इंदूरची शिकंजी आटवलेल्या दुधाची, सुक्या मेव्याची, ती ६ तासांच्याही पलीकडची समजा. "दोन घोट चहा" हा दुधाचाच चहा असतो, तो नको. सुपारी, गुटखा, च्युइंगगमही नको.

दुसऱ्या टोकाची चूकही दिसते. दुपारी दोनची शस्त्रक्रिया आणि आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. अशाने शीर सापडत नाही, डोकं दुखतं, मळमळ वाढते आणि भीतीही. पाणी किती वाजेपर्यंत चालेल, असा वेळेचा आकडा विचारून लिहून घ्या. पोट सुस्त करणारी इंजेक्शनं, जुना मधुमेह, गर्भारपण असेल तर हे तास तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. सकाळच्या गोळ्यांपैकी कोणत्या घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या, तेही लिहून घ्या. थायरॉइडची बहुधा घ्यायची असते, मधुमेहाची बहुधा नाही.

*तपासा: चुकून खाल्लं तर सांगा. कुणी रागावलं तर रागावू द्या. चार तास उशीर होईल किंवा तारीख बदलेल, एवढंच.*

## ६. त्या सकाळी

काय घडणार ते आधी माहीत असलं की निम्मी धडधड कमी होते, म्हणून क्रम सांगते.

सर्जन तुम्हाला उभं करून पेनाने खुणा करतील. खोली थंड असते, पायमोजे मागा. छातीवर चिकटपट्ट्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला चिमटा. हाताच्या शिरेत सुई. नाकातोंडावर मास्क धरतील, त्यात तेव्हा ऑक्सिजन असतो. मास्क गुदमरवतो असं वाटलं तर सांगा, थोडा वर धरता येतो. शिरेतून औषध जाताना हातात जळजळतं, ते काही सेकंद असतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. त्यानंतरची आठवण बहुधा थेट उठतानाची.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी आहे, २००८ पासून. तिच्यात भुलेआधी, चिरा घेण्याआधी आणि बाहेर नेण्याआधी असे तीन थांबे आहेत. तुम्ही जागे असता तो पहिला. त्या वेळी नाव, शस्त्रक्रिया, बाजू, अ‍ॅलर्जी तुमच्याच तोंडून विचारायला हवी. कुणी विचारलं नाही तर आपणहून मोठ्याने सांगा: "माझं नाव अमुक, आज माझं पोटाचं ऑपरेशन आहे, मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे."

श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. रामरक्षा म्हणत झोपी गेलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्यात. मी मध्ये बोलत नाही.

*सावध: भेटलेला भूलतज्ज्ञ बदललाय आणि नव्याला तुमच्याबद्दल काही माहीत नाही, किंवा आयत्या वेळी "आणखी एक भाग करून टाकू" असा प्रस्ताव आला, तर "आज नको" म्हणा. सही केलेली असली तरी नकार देता येतो. मात्र मन शांत करणारं औषध शिरेत गेल्यावर निर्णय घेऊ नका, म्हणून हे सगळं त्याआधी.*

## ७. उठल्यावर आणि पहिले २४ तास

थंडी भरून कुडकुडणं, घसा दुखणं, आवाज बसणं, रडू येणं, हे सगळं मी रोज पाहते आणि ते ओसरतं. मळमळ सुरू होतानाच सांगा, उलटीची वाट पाहू नका.

२४ तास स्कूटर नाही, गॅसजवळ एकटं नाही, कागदावर सही नाही, दारू नाही, स्वतःच्या मनाने झोपेची गोळी नाही. वेदनाशामकात अफूवर्गीय औषध असेल तर झोपेच्या गोळीने श्वास मंदावतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: उठवताना "सुगामाडेक्स" (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरवणारं औषध) दिलं का? दिलं असेल तर पुढचे ७ दिवस दुसरं साधनही वापरावं लागतं.

सोबतच्या माणसाने फोनमध्ये लिहून ठेवायची लक्षणं: श्वास लागणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं, ओठांना मुंग्या आणि कानात गुणगुण, झटका, हाक मारूनही नीट जाग न येणं, भ्रमिष्ट बोलणं. यांतलं काहीही दिसलं तर सर्जनला फोन लावता लावता १०८ बोलवा. सकाळपर्यंत वाट पाहणं, "गॅस झाला असेल" म्हणणं, सर्जन फोन उचलेनात म्हणून थांबणं, असं करू नका. पायातल्या गुठळीचा धोका पहिल्या दिवसापुरता नसतो, तो काही आठवडे राहतो. म्हणून सांगितल्याप्रमाणे लवकर उठून चाला.

घरी जाण्याआधी भुलेच्या नोंदीची प्रत मागा. कोणती औषधं दिली, नळी घालताना अडचण आली का, कशाची प्रतिक्रिया आली का, हे त्यात असतं. अडचण आली असेल तर तेवढं एक वाक्य वेगळं, ठळक लिहून घ्या. एक प्रत फाइलमध्ये, एक फोटो फोनमध्ये, आणि वारशाने येणारं काही निघालं असेल तर एक भावंडांना पाठवा. पुढच्या वेळी कुणी भूलतज्ज्ञ विचारेल, "आधी कधी भूल घेतली होती? काही त्रास झाला होता?" तेव्हा तो कागद तिच्या हातात द्या.